जुने लाकूडसामान आणि त्यावरची लाख



वाडा पाडायचे ठरले म्हणजे देव आणि भांडीकुंडी आधी नव्या जागेत जातात. लाकूडसामान मागे राहते. आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची, उतरत्या झाकणाचे लिहिण्याचे डेस्क, स्वयंपाकघरातले फडताळ, चौघांनी मिळून हलवावे लागणारे शिसवी कपाट, यांतले काही नव्या घराच्या दारातून आत जात नाही, आणि गेले तर भिंतीला लागत नाही. मग ते जुन्या बाजाराची वाट धरते. किंवा घरातलाच एखादा हौशी तरुण पुढे होतो आणि म्हणतो, "थांबा, मी करतो याचे काहीतरी." त्या तरुणाबद्दल मला आदर आहे, आणि आजचे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. परंतु बहुधा तो पहिल्याच रविवारी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र घेऊन येतो, आणि दिवेलागणीपर्यंत शंभर वर्षांचे काळसर कपाट वखारीतून नुकत्याच आणलेल्या फळीसारखे कोरे करून ठेवतो. घरचे लोक म्हणतात, किती स्वच्छ झाले! स्वच्छ झाले खरे. पण त्या दिवसात काय गेले याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडू.

आपल्याकडे कागद वाचवण्याची चळवळ झाली, लाकूड वाचवण्याची झाली नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे मिळवीत होते, तेव्हा ज्यांच्या माळ्यावर ती पडली होती त्यांतल्या अनेकांना ती रद्दीच वाटत होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि मोडी अक्षरांची बाडे वाण्याच्या पुडीला द्यायची नसतात हे हळूहळू सर्वांच्या ध्यानात आले. ती बाडे ज्या पेटाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली त्या पेटाऱ्याबद्दल मात्र कोणाला तसे वाटले नाही.

वस्तुतः जुन्या लाकडाचा पृष्ठभागही वाचता येतो. खुर्चीच्या हातावर जिथे तळवा टेकत आला तिथे पॉलिश झिजून लाकूड उघडे पडलेले असते. फडताळाच्या कडीभोवती तेलातुपाच्या हातांचे काळे वर्तुळ असते. देव्हाऱ्याच्या माथ्यावर समईची काजळी, डेस्कावर दौत कलंडल्याचा डाग, कपाटाच्या पायांना दरवर्षी सारवणाचे वा फरशी धुण्याचे पाणी लागून आलेली फिकट रेघ. आणि या सर्वांच्या खाली, किंवा यांच्यात मिसळून, खुद्द पॉलिशचा थर. तो तेलाचा, मेणाचा, लाखेचा की आणखी कशाचा, यावरून ती वस्तू कोणत्या काळात कोणाच्या हातून गेली याचा बराच तर्क करता येतो. हा सारा मजकूर ज्या थरात असतो त्याची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्साही क्वचित भरते. यंत्राला तो काढायला अर्धे मिनिट पुरते.

आता हा थर आला कोठून ते पाहू. आपल्या घरांत पूर्वी टेबलखुर्च्या नव्हत्या. पाट होता, चौरंग होता, पलंग, झोपाळा, संदूक, पेटारा होता, आणि बाकीची सोय बैठकीवर, लोडतक्क्यांवर होई. शब्दच याची साक्ष देतात. खुर्ची अरबी 'कुर्सी'वरून फारसीच्या वाटेने आली, अलमारी पोर्तुगिजांबरोबर आली, टेबल आणि कोच इंग्रजांबरोबर. कपाट हा शब्द तेवढा जुना संस्कृत, पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. जे लाकूड घरात होते त्याला तेल पाजले जाई. वाड्याचे सागवानी खांब तेलाच्या हाताने काळे-तुळतुळीत झालेले आपण पाहिलेच आहेत. कोकणात वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे तेलही देत. तो काजूही पोर्तुगिजांनीच आणलेला. लाखेचा उपयोग लाकडावर होत असे, पण तो वेगळ्या प्रकारे, आणि त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

लाख म्हणजे एका अतिसूक्ष्म किड्याचे घर. वसंतात ज्याच्या फुलांनी रान पेटल्यासारखे दिसते तो पळस, शिवाय बोर आणि कुसुंब, या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर हे किडे हजारोंनी चिकटून रस शोषतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडून त्याच्या आत स्वतःला कोंडून घेतात. डहाळीवर त्याची तांबूस खरखरीत साल चढते. ती खरवडली की एकाच वस्तूतून दोन माल निघतात: पाण्यात उतरणारा लाल रंग, आणि पाण्यात न विरघळणारी राळ. छोटा नागपूर हे याचे मोठे आगर. आपल्याकडे विदर्भात गोंदिया-गडचिरोलीच्या रानांत लाख होते. अथर्ववेदात लाक्षेवर एक स्वतंत्र सूक्त आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांस ठाऊक आहे, आणि लाख किती चटकन पेटते हे त्या कथेच्या कर्त्यालाही ठाऊक होते असे दिसते. स्त्रियांच्या पायांचा अळता लाखेचा. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात, आरियाके म्हणजे पश्चिम हिंदुस्थानच्या मुलखातून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मालात लोखंड आणि सुती कापड यांच्या जोडीला रंगीत लाख सांगितली आहे. आणि मोहोरबंद पत्राला आपण आजही लाखोटा म्हणतो, तो लाखेवरूनच.

लाकडावर लाख चढवण्याची आपली जुनी रीत कोरडी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यान हायगेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षे तो गोव्यात राहिला आणि डोळे उघडे ठेवून राहिला. १५९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने इथले कातारी काय करतात ते नीट लिहून ठेवले आहे. चरकावर लाकूड फिरत असते. कातारी त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाच्या अंगात शिरते. मग सुकलेल्या पातीने दाबून घोटले की काचेसारखी चकाकी येते. पलंगाचे पाय, खुर्च्यांचे दांडे असे तयार होत. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची रंगीत लाकडी खेळणी आणि म्हैसूरकडची चन्नपट्टणची खेळणी ज्यांनी होताना पाहिली आहेत, त्यांना लिन्स्खोटेनचे वर्णन कालचेच वाटेल. चन्नपट्टणला घोटायला केवड्याची पात घेतात. या रीतीत मद्यार्क नाही, ब्रश नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. उणीव एवढीच, की जे चरकावर फिरते त्यालाच ती लागू पडते. सपाट फळीला, कपाटाच्या दाराला ती उपयोगाची नाही.

सपाट फळीची अडचण युरोपात सुटली. लाख तेथे पोहोचली, तिच्या नावावरून त्यांच्या भाषांत 'लेक' हा रंग आणि 'लॅकर' हे रोगण आले, आणि कोणीतरी ती मद्यार्कात विरघळवून पाहिली. १६८८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला स्टॉकर आणि पार्कर या दोघांचे रोगणांवरचे पुस्तक निघाले. त्यात दाणेदार लाख मद्यार्कात घोळून ब्रशाने थरावर थर देण्याची कृती आहे. पण हे काम शौकाच्या नक्षीदार पेट्यांवर चाले. रोजच्या टेबलखुर्चीला इंग्रज सुतार तेल किंवा मेणच देत असे. शेरटन हा त्यांचा नावाजलेला आरेखनकार. त्याच्या १८०३ सालच्या कोशात अळशीचे तेल आणि विटेची वस्त्रगाळ पूड यांनी लाकूड घासून चमक आणण्याची रीत दिली आहे. तांब्यापितळेला विटेची पूड लावणाऱ्या आपल्या आजींना ती ऐकून नवल वाटले नसते.

नेपोलियनची युद्धे संपल्यावर, १८२० च्या सुमारास, इंग्लंडात एक नवी रीत पसरली. ब्रश बाजूला ठेवून कापसाचा बोळा धडप्यात गुंडाळायचा, त्यात लाखेचे पातळ द्रावण मुरवायचे, आणि लाकडावर गोल गोल फिरवीत इतके पातळ थर द्यायचे की एकेक दिसूच नये. शंभर थरांनंतर आरसा उभा राहतो. ही रीत फ्रान्सहून आली म्हणून तिचे नाव फ्रेंच पॉलिश. लाख आपली, ती मद्यार्कात घोळण्याची युक्ती आधीपासून युरोपभर माहीत असलेली; फ्रेंचांचा म्हणायचा तो बोळा. परंतु नाव बोळ्याचे झाले.

या बोळ्याने आपल्याकडच्या रानांचे अर्थशास्त्र बदलले, अर्थात एकट्याने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखेला भाव होता तो मुख्यतः तिच्या लाल रंगासाठी. कंपनी सरकार तो रंग विलायतेला पाठवी. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६९ साली मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, आणि लाखेचा रंग कोणी विचारीना. पूर्वी रंग काढून राहिलेली राळ दुय्यम होती. आता राळ हवी म्हणून रंग धुऊन मोरीत सोडू लागले. मिर्झापूर हे त्या धंद्याचे मोठे केंद्र. तिथे धुतलेली दाणालाख लांबलचक कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर धरीत आणि पिशवीला पीळ देत. वितळलेली लाख कापडातून पाझरे. ती गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरून तिचा पापड करीत, आणि मग कारागीर तो ऊन पापड दोन हात, दोन पाय आणि दात यांत धरून चारी बाजूंनी ताणी, तो अंगाएवढा होऊन पारदर्शक होईपर्यंत. थंड झाला की त्याचे तुकडे. तोच आपल्या बाजारातला चपडा. लंडनच्या दिवाणखान्यातल्या पियानोची झळाळी मिर्झापूरच्या कामगाराच्या दातांतून गेलेली होती, ही गोष्ट त्या पियानोच्या मालकिणीला कोणी सांगितली नसावी.

मग लाख परत आली. साहेबाच्या बंगल्यात, कोर्टात, कॉलेजात, आगगाडीच्या पहिल्या वर्गात विलायती थाटाचे लाकूडसामान आले, आणि मुंबईत काळ्या शिसवी लाकडाच्या कोरीव खुर्च्या-कोच होऊ लागले. त्यांना जे पॉलिश लागे ते फ्रेंच. आपल्या मिस्त्रींनी ते उचलले, आणि इतके आपलेसे केले की चपडा, स्पिरिट, बोळा हे शब्द सुतारवाड्यातले होऊन बसले. गिऱ्हाईकाला मात्र ते विलायती वाटत राहिले. वकिलाच्या, मामलेदाराच्या घरी अशी खुर्ची आली म्हणजे नवा काळ घरात आला. म्हणूनच त्या पिढीने तिच्यावर तेलाचा हात फिरू दिला नाही. आपल्या घरांत आज ज्या जुन्या खुर्च्या-कपाटे आहेत त्यांतल्या पुष्कळशांच्या अंगावर हाच थर आहे.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. गाण्याच्या तबकड्याही लाखेच्याच होत: लाख, दगडाची भुकटी, काजळी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित झाला तेव्हा तबकडी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवावी लागली. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. आपली लाख समुद्रापार जाऊन आपलेच गाणे घेऊन परत येत होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला 'फ्रेंच पॉलिश' हा शब्द नावानिशी व्याख्येत घालावा लागला आहे, कारण दारू मिळेनाशी झाल्यावर काही लोक पॉलिशमधले स्पिरिट पिऊ लागले. त्यात कित्येक जीव गेले. सुताराच्या बाटलीचा हाही इतिहासच आहे.

१९२० नंतर मोटारींच्या धंद्यातून नायट्रोसेल्युलोजचे रोगण आले. ते पिचकारीने उडवायचे आणि मिनिटांत वाळायचे. त्यानंतर पॉलियुरेथेन आणि मेलामाइन. ही रोगणे लाखेपेक्षा कणखर आहेत, यात वाद नाही. गरम कप ठेवला तर डाग पडत नाही, पाणी सांडले तर पांढरे होत नाही. जेवणाच्या नव्या टेबलाला मी स्वतः लाख सुचवणार नाही. परंतु एक फरक मुळातला आहे, आणि जुने सामान हाती घेणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा. लाख कितीही वर्षांनी स्पिरिटने पुन्हा मऊ होते. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पॉलियुरेथेन वाळताना त्याची रासायनिक बांधणीच बदलते. ते मग कशातच परत विरघळत नाही, ते फक्त खरवडता येते. जुन्या सुताराच्या इतर जिनसाही अशाच. सांध्यात तो सरस घाली, जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेला. ऊन पाण्याने तो सुटतो, म्हणून खिळखिळी खुर्ची उकलून पुन्हा जोडता येते. आजच्या बाटलीतल्या गोंदाने जोडलेला सांधा सोडवू जाल तर लाकूड फाटते. म्हणजे जुने काम दुरुस्तीची वाट ठेवून केलेले होते. आपण त्यावर नवा थर चढवतो तेव्हा ती वाट बंद करतो, आणि पुढच्या पिढीला खरवडण्याखेरीज उपाय उरत नाही.

सरस सुटण्याचा एक मोठा प्रसंग पुण्याच्या लोकांना विसरता येणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांत माळ्यापर्यंत पाणी चढले. लाकूडसामान तासन्‌तास बुडून राहिले. सरस विरघळला, सांधे उकलले, लाख पांढरी पडली, आणि सगळ्या फटींत गाळ भरला. शनिवार-नारायण पेठेतून आलेले एखादे कपाट आज उघडले आणि खणाच्या मागच्या सांध्यात वाळलेली बारीक माती दिसली, तर ती लगेच कुंच्याने झाडू नये. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

खरवडण्याचा हा आजार आपल्याकडचाच आहे असे समजू नका. इंग्लंडात फ्रेंच पॉलिशची लाट आली तेव्हा अठराव्या शतकातले तेलमेणाचे उत्तम लाकूडकाम लोकांनी खुशाल खरवडले आणि आरशासारखे करून घेतले. आज तिथले संग्राहक मूळ पृष्ठभागाचा नमुना मिळाला तर त्याला भारी किंमत मोजतात. दगडांच्या बाबतीत तेच चालले होते. जुनी देवळे नवी दिसावीत म्हणून भिंती तासल्या जात. विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली याविरुद्ध संस्था काढली, तिला लोक गमतीने 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवड-विरोधी मंडळी म्हणत. मी पूर्णपणे त्या पंथाचा नाही. इमारत पाहायची असते, खुर्चीवर बसायचे असते. मोडका पाय तसाच ठेवून तिच्याभोवती दोरी बांधण्यात मला स्वारस्य नाही. पण खरवडणे हा शेवटचा उपाय असावा, पहिला नसावा, एवढे त्यांचे मला पटते.

तेव्हा नवशिक्याने पहिला दिवस काहीही न करता नुसते पाहण्यात घालवावा. खण बाहेर काढावेत, वस्तू उलटी करावी. आतल्या, न रंगवलेल्या बाजूवर करवतीच्या रेघा सरळ असतील तर फळी हाताने चिरलेली असण्याचा संभव अधिक; त्या कमानदार असतील तर ती निश्चित गोल यंत्रकरवतीची. एखादा स्क्रू, म्हणजे मळसूत्री खिळा, काढून पाहावा; १८५० च्या सुमारापर्यंत त्याला टोक नसे, तो बोथट असे. पाठीला प्लायवूड असेल तर ते विसाव्या शतकातले, किंवा नंतर बसवलेले.

मग परीक्षा. मागच्या पायाच्या आतल्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने चार थेंब स्पिरिट लावावे आणि मिनिटभर थांबावे. चिकट झाले, बोळ्याला तांबूस रंग आला, की लाख. काही झाले नाही तर थिनर लावून पाहावे. त्याने मऊ झाले तर नायट्रोसेल्युलोज. दोन्हींना दाद दिली नाही तर तैलरंग, तेलाचे रोगण, पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन. आणि पाण्याचा थेंब सरळ आत मुरला तर लाकडावर तेलाखेरीज फारसे काही नाही. या चार थेंबांना पाच रुपयेही पडत नाहीत, आणि तरीही दहातले नऊ हौशी ते टाकीत नाहीत, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

लाख निघाली तर काम निम्मे झाले. जो काळेपणा आपण जुन्या पॉलिशचा समजतो तो बहुधा मेण, धूर आणि हातांचा मळ असतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने तो निघतो, आणि टर्पेंटाइनने लाखेला धक्का लागत नाही. पुष्कळदा एवढ्यावरच थांबता येते. पांढरे डाग हे लाखेत शिरलेल्या दमटपणाचे असतात. स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा त्यावरून पक्ष्याने पंख टेकवावा तसा फिरवला की ते विरतात. जिथे थर झिजला आहे तिथेच नवी लाख द्यावी. लिटरभर स्पिरिटात दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवावा, अधूनमधून हलवावा, सकाळी फडक्यातून गाळावा. हवे तेवढेच करावे. पाचसहा महिने ठेवलेले द्रावण लाकडावर नीट वाळत नाही, चिकट राहते. बोळ्याला जुन्या धोतराचा तुकडा उत्तम, कारण अनेक धुण्यांत त्याची लव गेलेली असते. बोळा अडला तर त्याच्या तोंडाला अळशीच्या तेलाचा एक थेंब लावावा, दोन नव्हे. बोळा लाकडावर चालताचालता टेकवायचा आणि चालताचालताच उचलायचा. मध्ये थांबलात की तो खालचा थर उचलून घेतो आणि तिथे कायमचा ठसा पडतो. हे हाताला यायला चार फळ्या वाया जातात. त्या वखारीतून आणलेल्या असाव्यात, आजोबांच्या डेस्काच्या नसाव्यात.

हे काम पावसाळ्यात करू नये. हवेतला ओलावा थरात अडकून लाख दुधाळ होते. दसऱ्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. चैत्र-वैशाखात करायचे तर सकाळीच, नाहीतर उन्हाच्या झळीने स्पिरिट बोळ्यातच उडून जाते. खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत विडी-काडी नाही. तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; अळशीचे तेल वाळताना ऊब सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेते. ती पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

खरवडण्याचीही वेळ येते. वर मेलामाइन निघाले तर मनाला लावून घेण्याचे कारण नाही, कारण ते चढवण्यापूर्वी कोणीतरी खालचे सगळे आधीच काढलेले असते. सागवानावर हिरवा, पिवळा तैलरंग थापलेला असेल तर तोही काढावा; मात्र जुन्या तैलरंगात शिसे असते, म्हणून काचकागदाने कोरडे घासून त्याची धूळ घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, उडवू नये. रंग मऊ करण्याचे रसायन लावून तो ओला असतानाच बोथट पत्र्याने काढावा. यंत्र तिथेही नको. कोरीव कामाच्या धारा त्याने गोल होतात, आणि शिसवी खुर्चीच्या पाठीवरची द्राक्षवेल साबणाच्या वडीवरच्या नक्षीसारखी दिसू लागते.

सगळे झाल्यावर एक खण उलटा करावा आणि त्याच्या तळाला चार ओळी लिहाव्यात: तारीख, काय होते, काय काढले, काय लावले, सांध्यात सरस घातला की दुसरे काही. जुन्या सुतारांच्या खुणा बहुधा तिथेच सापडतात. फळीचा आकडा, 'डावा', 'उजवा', क्वचित एखादा हिशेब. त्यांच्या शेजारी जागा असते. शिसपेन्सिलीने लिहावे. शाई स्पिरिट लागताच पसरते.